धडा

या इमारतीत लिफ्टला नाणं लागतं, वर जायचं तर.
उतरणं फुकट.
मी आठव्या मजल्यावर गेले. सोबत चौतीस प्रश्न,
काच तडकलेला टॅब,
आणि तिब्लिसीहून आलेल्या सूचना :
उत्तर सुचवू नये, मान डोलवू नये,
चहा चालेल, जेवायला बसू नये.

त्सियाला ग्वेलेसियानी, वय एकाहत्तर.
मँगनीजच्या खाणीत, वजनकाट्यावर, एकतीस वर्षं.
भरलेली प्रत्येक वाघीण हिच्या खिडकीसमोर थांबायची
आणि हिने मान हलवली की पुढे सरकायची.

प्रश्न नववा. एकंदरीत पाहता
निवृत्तीनंतरच्या आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात?
शून्य म्हणजे मुळीच नाही. दहा म्हणजे पूर्ण.

ती वाळक्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
म्हणाली, धडा केलास?

कसला?

अगं, रिकामी वाघीण किती भरते
ते आधी लिहून ठेवायचं असतं.
पावसाळी हवेत फळ्या पाणी पितात.
हिवाळ्यात मागच्या खेपेचा चिखल तळाशी गोठतो,
तो काही माल नव्हे, पण काट्याला काय कळतं?
ते वजा केल्याशिवाय मी आकडा दिला नाही कुणाला,
इंजिनियर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी.
आणि तू सरळ भरलेलीच चढवतेस.

मला सूचना आठवली. मान ताठ ठेवली.

आतल्या खोलीतून वारलाम ओरडला, दहा! दहा लिही!
मग खोकला, बराच वेळ.
तो सगळ्यांना दहाच सांगतो, ती म्हणाली,
डॉक्टरला, पाद्र्याला,
रविवारी फोनवर मुलीला.
मुलगी बारीला असते, इटलीत,
तिथल्या एका म्हातारीला चमच्याने भरवते,
त्या पैशातून आमचं गॅसचं बिल.
हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

सकाळी भोंग्याच्या वेळी जाग येते.
भोंगा कधीच बंद झाला, जाग येतेच.
तेव्हा विचारशील तर तीन.
शेगडीवर घेवडा रटरटायला लागला की आठ, नऊसुद्धा.
रात्री याचा खोकला मोजत पडते, तेव्हा विचारू नकोस.

सरासरी काढू का? मी म्हटलं.

ती हसली, मांडीवरच्या शेंगा सांडल्या.
एकतीस वर्षांत सरासरी वाघीण
मी एकही पाहिली नाही गं.
यायची ती एकेकटीच यायची.

मग न विचारता सांगितलं :
वीज नव्हती त्या हिवाळ्यात
एक वाघीण आली, वर खनिजाचा थर,
खाली लाकूड. जळणाचं.
मला दिसलं. ड्रायव्हरला दिसलं की मला दिसलं.
मी लिहिलं, खनिज.
चारशे किलो.
निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या दिल्या, शिक्का दिला,
ते चारशे कुणाकडे द्यायचे, कुणी सांगितलं नाही.
थोडा वेळ शेंगांचाच आवाज.
पण त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचं बाळ जगलं.
ते वजा करायचं की मिळवायचं,
तूच सांग, शिकलेली आहेस.

मी काही बोलले नाही. सूचनेत बसत नव्हतं.
तसं, सूचना नसती तरी काय बोलणार होते?

सात लिही, ती म्हणाली. साताने तुझं काम भागतं ना?
आणि मूठ मूठ करून घेवडा पिशवीत घातला,
नको नको म्हणत असताना.

लिफ्टमधला दिवा गेलेला.
टॅबच्या उजेडात शेवटचा रकाना उघडला,
शेरा, तीस अक्षरांपर्यंत.
लिहिलं : वजन ढोबळ. धडा बाकी.
जतन करू का, यंत्राने विचारलं.

पाचवा गेला, चौथा गेला.
तिसऱ्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं.
दार उघडलं. कुणीच नव्हतं,
फक्त कुणाच्या तरी घरात कांदा परतल्याचा वास.